राजा बाजाराला निघाला

कुणी काही विचारलं की आमच्या मॅडम आधी खुर्चीतून उठत. टेबलाला वळसा घालून विचारणाऱ्याच्या मागं जाऊन उभ्या राहत आणि त्याच्या खांद्यावरून स्वतःच्याच रिकाम्या खुर्चीकडं बघत. "थांबा. हिकडून कसं दिसतंय ते बघू द्या आधी," म्हणत. मग सावकाश परत आपल्या जागी येऊन बसत आणि उत्तर देत.

नांदेडच्या आमच्या कॉलेजात हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. नवीन प्राचार्य आले तेव्हा मात्र गोंधळ झाला. त्यांनी वेळापत्रकाबद्दल काहीतरी विचारलं आणि या थेट त्यांच्या खुर्चीमागं. प्राचार्य दचकून उभेच राहिले. एकदा साडीच्या दुकानात त्या गादीवर चढून दुकानदाराच्या शेजारी जाऊन बसल्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय हो हे?" तर म्हणाल्या, "तुमचा जीव त्या जांभळ्या साडीत अडकलाय हे त्याला कवाच कळलंय. तोंड झाकून घ्यायला पायजे होतं तुम्ही."

असं माणूस तुम्हीही कुठंतरी पाहिलं असेल. आपल्याला वाटतं हा त्यांचा वेडेपणा आहे. मॅडमच्या बाबतीत तो त्यांचा विषयच होता, हे मला पुढं कळलं.

त्या कॉम्प्युटर शिकवायच्या, मी मराठी. स्टाफरूममध्ये त्या कुणालाच नावानं हाक मारत नसत. भूगोलाच्या सरांना "भूगोल", खेळाच्या सरांना "खेळ", आणि मला "मराठी". "मराठी, डबा खाल्ला का?" "मराठी, आज तोंड का उतरलंय?" माझे मिस्टर लातूरला नोकरीत, मी आठवडाभर नांदेडला एका खोलीत. अशा बाईला दिवसातून कुणीतरी 'तोंड का उतरलंय' म्हणून विचारणं म्हणजे काय असतं, ते एकटं राहिलेल्यालाच कळेल.

आमची ओळख एका शब्दावरून वाढली. मी पेपर तपासत बसले होते. त्या आल्या आणि समोर उभ्या राहून म्हणाल्या, "मराठी, गढूळ पाणी ठेवून दिलं की गाळ खाली बसतो आन् वरचं पाणी साफ होतं. त्याला काय म्हणायचं?"

"निवळणं," मी म्हणाले.

"निवळणं!" त्या खुर्चीत बसल्याच. "आवो, लई दिवसांपासून हुडकून राहिले हा शब्द."

त्या बुद्धिबळ खेळणारा एक प्रोग्राम लिहीत होत्या. बरीच वर्षं लिहीत होत्या. यंत्र खेळी कशी शोधतं, हे त्या वर्गात मराठीतून शिकवायच्या, कारण उमरी, भोकर, जळकोटकडून आलेली आमची पोरं इंग्रजी पुस्तक बघूनच माना खाली घालायची. यंत्र पुढच्या खेळ्या मोजतं, म्हणजे मी असं केलं तर समोरचा त्याच्या बाजूनं बघून काय करील, मग मी काय करीन, असं झाड वाढवत जातं. पण कुठंतरी थांबून 'आता कोण वरचढ' हे ठरवावं लागतं. आणि नेमकं मारामारीच्या मध्येच थांबलं तर हिशोब चुकतो. मी त्याचा घोडा मारला म्हणून मी जिंकले, असं म्हणून थांबले आणि पुढच्याच खेळीत माझा वजीर गेला तर? म्हणून मारामारी संपेपर्यंत बघायचं. पाणी निवळेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या वर्गाबाहेर थांबले. आतून आवाज आला, "भाजी मंडईत दोघं भांडून राहिले. एकानं दुसऱ्याची कॉलर धरली. तुम्ही तेवढंच बघून घरी गेलात आन् सांगितलं, हा जिंकला. बरोबर हाय का? न्हाई! निवळू द्या. मग कुणाची कॉलर फाटली ते बघा." वर्ग हसत होता. माझा शब्द तिथं कामाला लागलेला बघून मला उगीचच अभिमान वाटला.

तेव्हापासून मी त्यांची शब्द पुरवणारी झाले. एखादी फांदी पुढं बघण्यात अर्थ नाही म्हणून सोडून द्यायची, त्याला आम्ही 'छाटणी' ठरवलं. ती त्या कशी शिकवायच्या, ऐका. "घरात पोरगी हाय. एक चांगलं स्थळ हातात हाय. पोरगा नोकरीला, माणसं बरी. आता दुसरं स्थळ आलं. पहिल्याच चौकशीत कळलं, पोरगा पितो. मग त्याची जमीन किती, घर केवढं, मामा कोण, हे इचारत बसता का? न्हाई ना? फांदी छाटायची. एक वाईट उत्तर पुरतं."

त्या दिवशी वर्गातून आल्यावर चहा घेताना त्या सहज बोलल्या, "माझ्या येळेला लोकांनी पहिल्याच प्रश्नावर फांदी छाटली, मराठी."

"कोणत्या प्रश्नावर?"

"पोरीचा भाऊ कुठं हाय?"

त्यांच्या धाकट्या भावाबद्दल मी प्रथम ऐकलं ते असं. उमरीजवळच्या एका गावात घर, थोडी शेती. ही दोघं भावंडं पाठोपाठची. बहीण अभ्यासात पुढं, भाऊ बारावीला नापास झाला. वडिलांनी निकालाच्या दिवशी भरल्या अंगणात त्याला तिच्या पुढ्यात उभं केलं आणि म्हणाले, "हिच्या पायाची धूळ कपाळाला लाव." पोरानं खाली वाकून खरंच धूळ लावली, आणि संध्याकाळच्या आत घर सोडलं. पुढं एकदोन फोन आले, तेलंगणाकडून कुठूनतरी. मग तेही थांबले. वडील गेले. आईला घेऊन मॅडम नांदेडला राहायला आल्या. लग्नाचं राहिलं ते राहिलंच.

एवढं सांगून त्यांनी कप धुतला आणि जागेवर ठेवला.

प्रोग्रामला त्यांनी नाव दिलं होतं 'हौशा'. सगळे हसले. भूगोलाचे सर म्हणाले, "मॅडम, हे बैलाचं नाव झालं." त्या म्हणाल्या, "बैलाचंच हाय." त्यांच्या लहानपणी घरी हौशा नावाचा बैल होता, शांत, डोळे मिटून रवंथ करणारा. "आमचा हौशाबी लई इचार करून पाय उचलायचा," एवढंच स्पष्टीकरण.

हौशा त्यांच्या घरी, आईच्या खाटेजवळच्या एका जुन्या कॉम्प्युटरवर राहायचा. इंटरनेटवर बुद्धिबळ खेळायच्या जागा असतात. तिथं जगभरची माणसं येऊन खेळतात आणि आपला प्रोग्रामही तिथं खेळायला बसवता येतो. हौशा दिवसभर कुणाकुणाशी खेळत असायचा. लाइट गेली की डाव अर्धवट सोडून गायब व्हायचा. आई खाटेवर पडल्या पडल्या विचारायच्या, "आतला जेवला का गं?" त्यांच्या मते त्या डब्यात कुणीतरी गडी बसवलेला होता आणि आपली पोरगी त्याच्याकडून फुकट राबवून घेत होती.

रविवारी मिस्टर येणार नसले की मी मॅडमकडं जेवायला जायची. त्या हरलेले डाव उघडून बसत. कुणी हौशाला हरवलं की त्या मागं जाऊन कुठं चुकलं ते शोधायच्या आणि दुरुस्त करायच्या. मला त्यातलं फार कळत नसे, पण त्यांचं ते शोधणं बघायला आवडायचं. पदर खोचून, एक पाय खुर्चीवर घेऊन, ओठ मुडपून बसलेल्या. "हे बघा मराठी, हितं ह्याला वाटलं संकट टळलं. टळलं न्हाई. नजरेच्या पलीकडं गेलं फकस्त. दवाखान्यात आज न्हाई गेलं म्हंजे आजार गेला व्हय?"

यंत्राला ठरावीक खोलीपर्यंतच दिसतं. त्यापुढं त्याचं क्षितिज. क्षितिजापलीकडं काय आहे ते त्याला नसल्यासारखंच. हा शब्द मला द्यावा लागला नाही, तो त्यांच्याकडं आधीच होता.

अशाच एका रविवारी मी गेले तर भात करपल्याचा वास घरभर. मॅडम कॉम्प्युटरसमोर बसलेल्या आणि हलत नव्हत्या. गॅस मीच बंद केला.

"मराठी, हितं बसा," त्या म्हणाल्या. "हा डाव बघा."

कुणीतरी अनोळखी. नाव नाही, नुसती काही अक्षरं. त्यानं काय केलं होतं, तर सगळी प्यादी एकमेकांत अडकवून टाकली होती, कुंपण घातल्यासारखी. मारामारी नाही, काही नाही. हौशाला जेवढं पुढचं दिसत होतं तेवढ्यात सगळीकडं सामसूम. मग तो आपला हत्ती एक घर पुढं, एक घर मागं, असा टाइमपास करीत बसला. आणि तेवढ्यात त्या माणसाचा राजा, जो एरवी कोपऱ्यात दडून बसतो, तो निघाला. एकेक घर, एकेक घर. पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुंपणाला वळसा घालून. हौशाला तो येताना दिसतच नव्हता, कारण त्याचं येणं फार हळू होतं. दिसला तेव्हा तो दारात उभा होता.

"छान खेळलाय की," मी म्हणाले.

"माझा भाऊ असा खेळायचा," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्या पडद्याकडंच बघत होत्या. "लहानपणी. सगळं अडकवून टाकायचा आन् म्हणायचा, राजा बाजाराला निघाला. मी चिडायची. राजा कधी चालत जातो का म्हणायची. हा आपला चाललेला."

मी मराठीची बाई, बुद्धिबळ मला एवढंच ठाऊक की घोडा वाकडा चालतो. तरीही मी म्हणाले, यंत्राला असं हरवायची युक्ती बऱ्याच जणांना माहीत असेल. त्या म्हणाल्या, "हाव. लई जणांना माहीत हाय." आणि डाव परत पहिल्यापासून लावला.

तो माणूस पुन्हा आला. मधूनमधून यायचाच. दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास एखादा डाव, तसाच. कुंपण, आणि मग राजाचं चालणं. मॅडमचा चेहरा त्या दिवशी वेगळा दिसायचा. स्टाफरूममध्ये डबा उघडताना त्या डाव बघायला मोबाइल भिंतीला टेकवून ठेवत आणि घास हातातच राही.

हौशाची बघण्याची खोली वाढवता आली असती. राजा असा चालत येतो हे त्याला शिकवता आलं असतं. एरवी एखादा उंट वाया गेला तरी त्या दोन दिवस त्याच्यामागं लागायच्या. हे मात्र तसंच ठेवलं. वर्गातली पोरं म्हणायची, "मॅडम, ह्याला नीट करा ना, तो एकच माणूस सारखा हरवून राहिला." त्या म्हणायच्या, "करू, करू."

मी एकदा विचारलंच, "का नाही करत?"

"दार लावून घेतल्यावर कुणी येतंय का, मराठी?"

"मग विचारा ना त्याला. तिथं लिहिता येतं ना काहीतरी?"

त्या उठल्या. मला वाटलं आता माझ्या मागं येऊन उभ्या राहतील. पण त्या खिडकीशी गेल्या आणि बाहेरच बघत राहिल्या. "तो न्हाई असं कळलं तर?" त्या म्हणाल्या. "आत्ता तो हाय बी आन् न्हाई बी. तेवढ्यावर माझं चालून राहिलंय."



पावसाळ्यानंतर आईंना छातीचा त्रास सुरू झाला. दवाखान्यात ठेवावं लागलं. मी रोज संध्याकाळी डबा घेऊन जायची. एक दिवस आईंनी माझाच हात धरला आणि म्हणाल्या, "बाई, पोराचं काई कळलं का गं? हिला इचारलं की ही तोंड फिरवती." मॅडम तिथंच औषधांच्या गोळ्या वेगळ्या करीत उभ्या होत्या. त्यांनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी डाव संपल्यावर त्यांनी त्या माणसाला एक ओळ लिहिली. मला दाखवली. 'बाजारातून काय आणलंस?'

लहानपणी त्याचा राजा पलीकडच्या टोकाला पोचला की ही हरलेली बहीण रागानं असं विचारायची, आणि तो उत्तर द्यायचा. उत्तर काय असायचं ते त्यांनी मला सांगितलं नाही. म्हणाल्या, "आलं तर सांगते."

उत्तर आलं नाही. तो माणूसही आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. मॅडम शिकवायच्या, हसायच्या, खेळाच्या सरांची टिंगल करायच्या, पण जेवणाच्या सुट्टीत मोबाइल पालथा घालून ठेवायच्या. एकदा जिना उतरताना मला म्हणाल्या, "मी कडी वाजवली आन् आतलं माणूस मागच्या दारानं पळालं." मला त्यांचा हात धरावासा वाटला. पोरं वरखाली करीत होती, म्हणून पिशवी तेवढी घेतली त्यांच्या हातातली.

मग एका दुपारी, प्रॅक्टिकलची परीक्षा चालू असताना, त्या मराठीच्या विभागात आल्या. दारातच उभ्या राहिल्या. मोबाइल माझ्यापुढं धरला.

"वाचा. मला अक्षरं नीट दिसेनात."

मी वाचलं. 'फुटाणे. आई कशी हाय?'

त्यांनी मोबाइल परत घेतला, पुसला, पर्समध्ये ठेवला. "पोरांची परीक्षा चालू हाय," असं म्हणून त्या लॅबकडं गेल्या. परीक्षा संपेपर्यंत त्यांनी सगळ्यांना तोंडी प्रश्न विचारले. नंतर लॅबचा शिपाई मला सांगत होता की आज मॅडमनी सगळ्या पोरांना पास केलं.

तो निजामाबादला होता. नांदेडहून सुटलेली गाडी मुदखेड, उमरी, धर्माबाद करीत गोदावरी ओलांडते आणि निजामाबादला जाते. म्हणजे ज्या गाडीची शिट्टी त्यांच्या गावाच्या शेतात ऐकू यायची, त्याच रुळाच्या पुढच्या टोकाला तो इतकी वर्षं राहत होता.

आईंना जरा बरं वाटल्यावर त्या निघाल्या. मला म्हणाल्या, "मराठी, तुम्ही चला. मला एकटीला जमायचं न्हाई." मी रजा टाकली.

गाडीत आई खिडकीशी. उमरीचं स्टेशन आलं तेव्हा त्यांनी फलाटाकडं बोट केलं. "हितनंच बसला आसंल त्यो." मॅडमनी त्यांना पाणी दिलं. गोदावरीच्या पुलावर आईंनी हात जोडले, आणि पूल संपला तरी जोडलेलेच ठेवले.

स्टेशनवर तो आला होता. मी मनात कुणी तरणा पोरगा धरून चालले होते, आणि समोर कानापाशी केस पांढरे झालेला, चष्मा लावलेला गृहस्थ. मिक्सर आणि पंखे दुरुस्त करण्याचं दुकान होतं त्याचं. बोटांची पेरं काळी. शेजारी बायको, तेलुगू बोलणारी, आणि दोन मुली. तो आईच्या पाया पडायला वाकला तर आईंनी त्याचा कान धरला, लहान पोराचा धरतात तसा, आणि सोडलाच नाही. माणसं बघत होती. तो कान देऊन तसाच वाकून उभा राहिला.

"इतक्या जवळ व्हतास व्हय रं," आई म्हणाल्या. "इतक्या जवळ."

घरी बायकोनं जेवायला वाढलं. मुली आत्याकडं टकमक बघत होत्या. भात संपत आला तेव्हा मॅडमनी ताटाकडं बघतच विचारलं, "बाबा गेल्याचं कळलं होतं तुला?"

"हाव. उमरीचा एक जण भेटला व्हता बाजारात." त्यानं ताटातला भात एका कडेला सारला. "येणार व्हतो. स्टेशनपर्यंत आलतो. कोणत्या तोंडानं यावं कळंना."

"आन् ते डाव? माहीत होतं तुला, मी हाय म्हणून?"

"नाव बघूनच वळखलं. हौशा. दुसरं कोण ठेवणार हाय?"

"मग बोलला का न्हाईस रे? इतके दिवस?"

तो हसला. तेव्हा मला त्या दोघांचे चेहरे एकसारखे दिसले. "तू हरून राहिली व्हतीस की. हरताना तुला कुणी बोललेलं आवडत न्हाई."

मॅडमनी उष्ट्या हातानंच त्याच्या दंडावर फटका मारला. मग त्याच हाताचा मनगटाकडचा भाग डोळ्यांवर धरून बसल्या. बायकोनं घाबरून नवऱ्याला तेलुगूत काहीतरी विचारलं. तो म्हणाला, "काही न्हाई, माझी बहीण हाय."

आई महिनाभर तिकडंच राहिल्या. सुनेची भाषा त्यांना येत नव्हती, तिला यांची येत नव्हती, तरी दोघींचं दिवसभर चाललेलं असायचं म्हणे. नांदेडला परत आल्यावर आई मला म्हणाल्या, "आता आतल्या गड्याला सोडून द्या म्हणावं घरी." त्यानंतरचा उन्हाळा त्यांनी काढला नाही. शेवटी भाऊ, भावजय, नाती सगळी खाटेभोवती होती. मॅडम म्हणाल्या, "आईचं बरं झालं." मीही हो म्हणाले.

हौशाला त्यांनी मग नीट केलं. भावानंच सांगितलं होतं तसं. तो फोनवर तक्रार करायचा, आणि त्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकवायच्या, "आता म्हणतो, तुझा हौशा मला बाजारात जाऊच देत न्हाई." इतक्या मोकळ्या हसताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. त्या हसण्यात आपला काही वाटा आहे असं मला वाटायचं, आणि तो कमी होत चाललाय असंही. माणसाचं मन असंच असतं. ज्याचं भलं व्हावं म्हणून देवाला हात जोडावेत, त्याचं झालेलं भलं त्याला आपल्यापासून लांब नेतं.

कॉलेजातला त्यांचा विभाग विनाअनुदानित होता. पोरं कमी होत गेली आणि एका वर्षी तो बंदच झाला. मॅडमना दुसरीकडं मिळालं असतं. लातूरच्या एका कॉलेजात माझ्या मिस्टरांनी विचारूनही ठेवलं होतं. आम्ही दोघी तिकडं बघायलाही निघालो होतो. लातूरची थेट गाडी मिळेना, तर त्या म्हणाल्या, "अहमदपूरपर्यंतची धरू आधी. हातात काहीतरी पायजे, पुढचं पुढं बघू." त्या नेहमी अशाच निघायच्या. यंत्रही असंच शोधतं म्हणे, आधी थोडंसं बघून एक उत्तर हातात धरायचं, मग आणखी खोल, मग आणखी. वेळ संपली तर रिकाम्या हातानं उभं राहायला नको.

अहमदपूरच्या स्टँडवर लातूरच्या गाडीची वाट बघत आम्ही चहा घेत होतो. तेव्हा त्यांनी सांगितलं.

"मराठी, मी निजामाबादला जाऊन राहीन म्हणते. पोरींना शिकवीन. तिथं क्लास काढता येईल. भावजय रोज म्हणती, या म्हणून."

"आणि नांदेड?"

"नांदेडला आता माझं काय हाय?"

'मी आहे की,' हे माझ्या अगदी ओठावर आलं. त्या माझ्याकडंच बघत होत्या. मला वाटतं त्यांना ते ऐकू आलं. पण तेवढ्यात गाडी लागली, माणसं जागा धरायला धावली, आणि मॅडमनी खिडकीतून रुमाल टाकून माझ्यासाठी जागा धरली. त्या स्वतः चाकूरपर्यंत उभ्या होत्या.

लातूरचं कॉलेज आम्ही बघितलं. चांगलं होतं. लॅब मोठी होती. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं, आणि बाहेर पडताना शिपायाचे आभार मानले.

त्या गेल्या त्या दिवशी मी स्टेशनवर गेले होते. सामान फार नव्हतं. हौशाचा जुना कॉम्प्युटर त्यांनी चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. गाडी सुटताना दोघी नेहमीचंच बोललो. पोचल्यावर फोन करा, तुम्ही जेवत जा वेळेवर, येते मी दिवाळीत.

दिवाळीत त्या आल्या नाहीत, भाचीचं काहीतरी निघालं. पुढच्या दिवाळीत मी लातूरला होते. फोन मात्र होतात. आधी रोज व्हायचे, मग रविवारी, आता आठवण झाली की.

स्टाफरूममध्ये आता मला कुणी 'मराठी' म्हणत नाही. नोकरीला लागलेली नवीन मुलं मॅम म्हणतात. परवा वर्गात एक कविता शिकवताना 'निवळणे' हा शब्द आला. मी अर्थ सांगायला लागले आणि मध्येच थांबले. पोरं वहीवरून मान वर करून बघत राहिली.

गेल्या रविवारी दुपारी मी त्यांना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी उचलला. चष्म्याची काडी बदललीय. "मराठी!" म्हणाल्या, तोच आवाज. मी लोणचं घातल्याचं सांगत होते. तेवढ्यात आतून कुणीतरी "अत्ता! अत्ता!" अशी हाक मारली. तिकडं आत्याला तसं म्हणतात. "आले हं, एक मिनिट," म्हणून त्यांनी फोन तसाच टेबलावर ठेवला आणि गेल्या.

मला छत दिसत होतं. निळसर रंगाचं, आणि त्यात हळूहळू फिरणारा एक पंखा. पलीकडं भांड्यांचा आवाज, मुलींचं तेलुगू, एका पुरुषाचं हसणं, आणि मॅडमचं बोलणं. त्याही तेलुगूत बोलत होत्या, भराभर, अडखळत नव्हत्या. मला एक शब्द कळत नव्हता. त्या काहीतरी म्हणाल्या आणि सगळं घर हसलं. फोन ठेवलाय हे त्यांच्या लक्षातून गेलं असावं.

मी कॉल बंद केला नाही. समोर माझं ताट होतं. मी जेवत जेवत तो पंखा बघत राहिले.